अँगल का पाइप?

उचगावात हायवे सोडून आत वळलं की देवळाच्या अलीकडं हत्तरकींचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. गादीवर बसायचे अण्णासो. म्हैस आटली, दूध पातळ झालं, रेडकू अंग धरेना, असलं काही गाऱ्हाणं घेऊन माणूस यायचा आणि विचारायचा, "शेठ, सरकी घालू का शेंगपेंड?" अण्णासो चष्मा कपाळावर चढवायचे. "सरकीनं फॅट लागतंय. पण शेंगपेंडीनं दूध वाढतंय. सरकी उन्हाळ्यात गरम पडती म्हणत्यात. काहीजण म्हणत्यात, न्हाय पडत." गिऱ्हाईक डोकं खाजवत उभं राहायचं आणि शेवटी दोन्हीतलं थोडं थोडं घेऊन जायचं. हा अण्णासोंचा धंद्याचा कावा आहे असं बाजारात काहीजण म्हणायचे. कावा-बिवा काही नव्हता. माणसाला खरंच कळायचं नाही.

पहिला माणूस बोलला की त्यांना पटायचं. दुसरा त्याच्या उलट बोलला की तेही पटायचं. आणि दुसऱ्याचं पटलं म्हणून पहिल्याचं पटलेलं काही पुसलं जायचं नाही. दोन्ही पटलेली वाक्यं डोक्यात शेजारी शेजारी बसून राहायची, एसटीतल्या अनोळखी पावण्यांसारखी.

तरी आयुष्य अडलं नव्हतं. मॅट्रिकनंतर दुकानावर बसायचं हे वडिलांनी ठरवलं. संकेश्वरची मुलगी करायची हे चुलत्यांनी ठरवलं. बघायच्या कार्यक्रमात "पोरगी पसंत हाय का?" असं विचारल्यावर अण्णासो म्हणाले होते, "तिला मी पसंत हाय का ते आधी इचारा." सगळे हसले. पोरगी हसली नाही. तिनं आतून ठणकावून सांगितलं, "हाय म्हणून सांगा." ती बसम्मा. त्या दिवसापासून ठरवायचं काम तिच्याकडं गेलं. माहेरचं कानडी तोंडात असलेली ती बाई वर्षाच्या आत उचगावच्या बायकांशी अस्सल कोल्हापुरीत भांडायला लागली. दुकानाला दुसरं शटर कुठं काढायचं, मुलीला, शांभवीला, कुठल्या शाळेत घालायचं, तिला हुबळीला द्यायचं का निपाणीला, सगळं बसम्मा ठरवायची आणि अण्णासो मान डोलवायचे. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. उलट रात्री झोप चांगली लागायची.

पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराला बसम्मानं गाडी घ्यायचं ठरवलं. पांढरी मारुती. घेतली ती घेतली, वर चालवायलाही स्वतःच शिकली. पन्नाशीला टेकलेली बाई, इरकल नेसून, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत सरनोबतवाडीच्या रस्त्यानं चाललीय म्हटल्यावर पोरं सायकलीवरून मागं लागायची. अण्णासो शेजारी बसायचे, दाराच्या वरची दांडी धरून. "तुमी शिका की," म्हणाली तर ते म्हणाले, "ब्रेक आन् क्लच दोन्ही पायातच हायत. ऐन टायमाला कुठला दाबायचा ते मला ठरंल व्हय?" तिलाही ते पटलं असावं. पुन्हा विषय निघाला नाही.

गाडी उभी राहायची घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, चार मेढींवर ताणलेल्या ताडपत्रीखाली. पहिल्या उन्हाळ्यात वळवाचा वारा सुटला आणि ताडपत्री उडून शेजारच्या तानाबाईच्या कौलांवर जाऊन पसरली. तानाबाई म्हणाली, "माझं घर झाकलंसा, तुमची गाडी भिजली." दुसऱ्या उन्हाळ्यात ताडपत्री गेली ती सापडलीच नाही.

मग अठ्ठ्याण्णवचा फेब्रुवारी आला. शांभवीला दुसऱ्यांदा दिवस होते आणि हुबळीच्या डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं होतं. बसम्मा पिशव्या भरून निघाली. स्टँडवर एसटी सुटता सुटता खिडकीतून म्हणाली, "वळवाच्या आत पत्र्याचं शेड घालून घ्या. लोखंडाचं. वाऱ्यात हालायला नगं."

"कसलं लोखंड?"

"बगा की तुमी."

एसटी गेली. अण्णासो फलाटावर तसेच उभे. लोखंडाला प्रकार असतात हे त्यांना माहीत होतं, पण ते किती असतात ते अजून माहीत व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ते हायवेवरच्या हंबीररावाच्या वर्कशॉपात गेले. हंबीरराव म्हणजे उसाच्या ट्रॉल्या, खिडक्यांच्या जाळ्या, गोठ्यांची छपरं करणारा माणूस. कायम आरडून बोलायचा, कारण शेजारी कायम काहीतरी ठोकलं जात असायचं. अण्णासोंनी गाडी किती लांब, जागा किती, सगळं सांगितलं.

"अँगल!" हंबीरराव ओरडला आणि काटकोनात वळलेली एक लांब पट्टी पायानं पुढं सरकवली. "डोळं झाकून अँगल घाला, शेठ."

"पाइप न्हाय चालत?"

"पाइपाच्या आत काय चाललंय ते तुमास्नी दिसतंय का? आतनं गंज खातोय आन् भाईरनं रंग चकचकीत. अँगलाचं सगळं उघड्यावर. गंज चढला तर दिसतो, घासता येतो, रंग मारता येतो. लोखंड बी मानसासारखंच बगा, पोटात ठिवणारं नगं."

अण्णासोंना फार पटलं. पोटात ठेवणारी माणसं त्यांनी पाहिली होती. ते घरी आले ते अँगल नक्की करूनच.

संध्याकाळी पुतण्या आला. शशिधर, धाकट्या भावाचा मुलगा. डिप्लोमा करून कोल्हापुरात एका कॉन्ट्रॅक्टरकडं सुपरवायझर होता. अण्णासोंना तो 'दोड्डप्पा' म्हणायचा. अँगलचं ऐकून त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"दोड्डप्पा, खांबाला अँगल? तो पीळ खातो. वारं तिरकं आलं की वळतो. चौकोनी पाइप घ्या. चारी बाजूंनी बंद असतो, कुठूनही जोर आला तरी सारखाच उभा राहतो."

"आन् आतला गंज?"

"वरचं तोंड बंद करायचं. हवा गेली नाही, पाणी गेलं नाही, तर गंज कुठून येतोय?"

हेही पटलं. मग शशिधर म्हणाला, पाइप चौदा गेजचा नको, बारा गेजचा घ्या.

"चौदा मोठा न्हवं का?"

"चौदा पातळ. बारा जाड."

"बारा जाड? मग धा?"

"आणखी जाड. गेजात उलटं असतं, दोड्डप्पा. आकडा उतरला की पत्रा चढतो."

तीस वर्षं ते वजनमापाच्या धंद्यात होते. आकडा उतरल्यावर माल वाढतो असला हिशोब त्यांनी कुठं ऐकला नव्हता. ते सावरतायत तोवर शशिधरनं पुढचं काढलं. "आणि एक लक्षात ठेवा. वारं शेडला नुसतं ढकलत नाही, उचलतं. चारी बाजूंनी उघडं शेड म्हणजे वरच्या छपराला खालून वारं लागणार. विमानाच्या पंखासारखं."

"म्हंजे ते पडायचं न्हाय ह्याची काळजी करायची का उडायचं न्हाय ह्याची?"

"दोन्हीची."

दुसऱ्या दिवशी अण्णासो हंबीररावाला हे सांगायला गेले. हंबीरराव हसला. "उडतंय? मंग पश्चिमेची बाजू पत्र्यानं बंद करून टाकू. वारंच आत येणार न्हाय." शशिधरला फोन केला तर तो म्हणाला, "एकच बाजू बंद केली तर उलट्या बाजूनं आलेलं वारं आत कोंडतंय आणि छप्पर छत्रीसारखं उचलतंय." वारं नेमकं कुठल्या बाजूनं येतं हे विचारावं म्हणून अण्णासोंनी तानाबाईला गाठलं. ती म्हणाली, "पावसाळ्यात मावळतीकडनं. वळवाचं काय सांगावं? ते बिन बोलावलेल्या पावण्यासारखं. कवा मागच्या दारानं, कवा पुढच्या."

त्या आठवड्यात अण्णासोंचं दुकानात लक्ष नव्हतं. रस्त्यानं जाताना ते गाड्या, माणसं काही बघायचे नाहीत, शेडं बघायचे. पेट्रोल पंपाचं, सोसायटीच्या सायकल स्टँडचं, दवाखान्याबाहेरच्या बाकड्यांवरचं. गोल पाइप, चौकोनी पाइप, अँगल, इंग्रजी आय अक्षरासारखा गर्डर, एका ठिकाणी तर रेल्वेचा रूळ. प्रत्येक शेड उभंच होतं. पडलेलं शेड बघायला मिळालं असतं तर काहीतरी कळलं असतं, पण पडलेलं कोण कशाला ठेवील?

कोडोलीचे गणपतराव म्हणून एक गिऱ्हाईक होते. दहा-बारा म्हशींचा गोठा, पेंड न्यायला दर पंधरवड्याला टेम्पो घेऊन यायचे. त्यांनी अण्णासोंचं तोंड बघितलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"शेठ, बोलून काय हुतंय? डोळ्यानं बगा. मलकापूरला माझ्या मेव्हण्याचं टेम्पोचं शेड हाय. तिकडचं वारं म्हंजे मानूस आडवा करतंय. पर शेड तसूभर हाललं न्हाय. चला, उद्याच जाऊ."

अण्णासोंनी कधी नव्हे ते दुकान बंद ठेवलं आणि रत्नागिरी रस्त्यानं मलकापूर गाठलं. मेव्हण्यानं चहा-फरसाण दिलं, मग शेड दाखवलं. बुटकं, काळं, भक्कम दिसत होतं. खांब कसले आहेत ते अण्णासोंना ओळखू येईना. ना अँगल, ना पाइप.

"हे कसलं लोखंड?"

"मोडक्या भाताच्या गिरणीचं," मेव्हणा म्हणाला. "पडून हुतं, घातलं."

"आन् कंदी उडालं न्हाय?"

"उडालं की. दोन डाव उडालंय. हे तिसरं."

गणपतराव दुसरीकडं बघायला लागले. अण्णासोंनी आशेनं विचारलं, "मग तिसऱ्या डावाला काय येगळं केलंसा?"

मेव्हण्यानं थोडा विचार केला. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. "मी कायबी न्हाय केलं. मागल्या दोन सालात वारंच कमी हाय."

परतीला दोघं एसटीनं निघाले. कोडोलीचा फाटा आल्यावर गणपतराव एवढंच म्हणाले, "मला म्हाईत न्हवतं हो. बहीण कवा बोललीच न्हाय." आणि उतरताना अण्णासोंच्या मांडीवर एक गुळाची ढेप ठेवून गेले.

होळी झाली. ऊन चढलं. दुपारी आभाळाच्या कडेला ढग दिसायला लागले तसा अण्णासोंचा जीव वरखाली व्हायला लागला. रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात बारा, चौदा, अँगल, पाइप असं गरगरायचं. एकदा तर स्वप्नात त्यांनी गिऱ्हाइकाला चौदा किलो सरकी मोजून दिली आणि पोत्यात बारापेक्षा कमी भरली. शेवटी एका रविवारी त्यांनी हुबळीला फोन लावला. फोन शांभवीच्या सासूनं उचलला, मग बसम्मा आली.

"शांभवी कशी हाय?"

"बरी हाय. पायावर सूज हाय. शेड झालं?"

अण्णासोंनी सगळं सांगितलं. हंबीररावाचं, शशिधरचं, गेजाचं, मलकापूरच्या गिरणीचं. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. शेवटी म्हणाले, "तू सांग. अँगल का पाइप? तू म्हणशील ते घालतो, मग कुणी काय का म्हणंना."

फोन तुटला असं वाटून त्यांनी दोनदा हॅलो केलं.

"हाय मी," बसम्मा म्हणाली. "मला काय कळतंय लोखंडातलं?"

"असं कसं? इतकी वर्सं तूच ठरवतीस की."

"कळायचं म्हणून ठरवायची व्हय? शांभवीला हुबळीला दिली तवा मला म्हाईत हुतं का पोरगा कसा निघंल ते? दोन म्हैने मी झोपली न्हाय. तुमी घोरत हुतासा. कुणीतरी ठरवाय पायजे म्हणून मी ठरवायची." तिचा आवाज जरा खाली आला. "हितं रोज डॉक्टर येगळं सांगतोय, विहीणबाई येगळं सांगत्यात. पोरीला उठवायचं का झोपवून ठेवायचं, माझंच डोकं चालंना झालंय. तुमचं लोखंड तुमी बगा. ह्या येळेला माझ्यावर घालू नगा."

अण्णासोंनी फोन ठेवला. हुबळीच्या लग्नाच्या वेळी ती झोपली नव्हती. त्यांना ठाऊकच नव्हतं. तिला कळतं आणि आपल्याला कळत नाही, या एका गोष्टीवर त्यांचा इतक्या वर्षांचा संसार उभा होता आणि ती गोष्टच खरी नव्हती. मग तिच्यात आणि आपल्यात फरक कसला? ते उठले, बाहेर गेले, धुळीनं भरलेल्या गाडीचं दार उघडून बसम्माच्या जागेवर बसले. स्टिअरिंगला हात लावला, काढला. तानाबाईनं भिंतीवरून बघितलं आणि आत गेली.

दुपार कलल्यावर ते हंबीररावाच्या वर्कशॉपात उभे होते.

"खांब चौकोनी पाइपचं. बारा गेज. वर पत्रं पेलायला कैची अँगलची. पाया कंबरंएवढा खोल, आत सिमेंट-खडी, खाली पट्टी आन् बोल्ट. बाजू चारी उघड्या."

हंबीररावानं वेल्डिंगची काच डोळ्यांवरून वर केली. "निम्मं माझं, निम्मं पुतण्याचं?"

"व्हय."

"पाइपाला अँगल जोडायचा म्हंजे प्रत्येक सांध्याला पट्टी लावाय लागंल. शेठ, असलं अर्धवट काय करायचं? यक धरा."

एरवी अण्णासोंना हेही पटलं असतं. खरं म्हणजे पटलंही. पण ते म्हणाले, "पट्टी लावा," आणि पुढचं ऐकू येऊ नये म्हणून भराभर चालत रस्त्यावर आले. असं का ठरवलं हे त्यांना नंतर कधी कुणाला सांगता आलं नाही.

खड्डे खणले, खांब रोवले. हंबीररावाचा वेल्डर ज्ञानू, तिशीतला अबोल गडी, रोज येऊन कैच्या चढवत होता. अण्णासो खुर्ची टाकून समोर बसायचे आणि प्रत्येक सांध्याकडं संशयानं बघायचे. गाडी तोवर ढकलत नेऊन पलीकडं चिंचेखाली उभी केली होती. पत्रे चढायला लागले. निम्म्याहून जास्त पत्रे बोल्ट मारून पक्के झाले, शेवटच्या पत्र्यांना बोल्ट कमी पडले म्हणून ज्ञानूनं ते एकाच कडेला आकडे टाकून तात्पुरते अडकवले. "उद्या सकाळी येतो," म्हणून तो साहित्य गोळा करत होता आणि तेवढ्यात पूर्वेकडचं आभाळ काळंनिळं झालं.

वारं आलं ते रस्त्यावरची माती घेऊनच आलं. तानाबाईच्या अंगणातलं सूप उडालं. चिंच अशी वाकायला लागली की फांदी आता मोडते का मग मोडते. चिंचेखाली गाडी. आणि इकडं अर्धं शेड.

"मालक, गाडी आत घ्यायची का?" ज्ञानू ओरडला.

विचारायला कुणी नव्हतं. हंबीरराव वर्कशॉपात, शशिधर कोल्हापुरात, बसम्मा हुबळीत. अण्णासोंनी एकदा चिंचेकडं बघितलं, एकदा पत्र्याकडं. दोन्हीकडं भीतीच होती. "घे!" ते ओरडले. स्वतःचाच आवाज त्यांना परक्यासारखा वाटला.

त्यांना गाडी चालवता येत नव्हती, ज्ञानूलाही नव्हती. ब्रेक सोडून दोघांनी ढकलली. डोळ्यांत माती, धोतराचा सोगा चाकात जायला बघतोय, अशा स्थितीत ती एकदाची शेडात गेली. अण्णासोंनी खांब मिठीत धरला. त्यांच्या धरण्यानं खांबाला काय होणार होतं, पण हात सुटेनात. खांबातून थरथर त्यांच्या छातीत येत होती. वर पत्रे धडधडत होते. मग कडाड असा आवाज झाला, शेवटचा पत्रा एका बाजूनं सुटला, वर उठला आणि वळून खाली, थेट गाडीच्या टपावर आदळला.

गारा पडल्या, पाऊस पडला, आणि सगळं जेवढ्या झपाट्यानं आलं तेवढ्याच झपाट्यानं निघून गेलं. चिंचेची एक काडीसुद्धा मोडली नव्हती. गाडी तिथंच असती तर ओरखडाही उठला नसता. शेडाचे चारी खांब जागच्या जागी होते, कैच्या सरळ होत्या, पक्के केलेले पत्रे जसेच्या तसे. आणि गाडीच्या टपाला हातभर खड्डा.

हंबीरराव मोटरसायकलवरून तडक आला. सगळं बघून म्हणाला, "शेठ, शेड जिंकलं! सांगाडा बगा की, केसभर हालला न्हाय."

ज्ञानू दिवसभरात पहिल्यांदा स्वतःहून बोलला. "गाडी चिंचंखालीच ठिवाय पायजे हुती."

अण्णासोंनी दोघांकडं बघितलं. दोघांचंही खरं होतं. आपण बरोबर केलं का चूक, हे विचारायचं तरी कुणाला?

त्यांनी त्याच संध्याकाळी हुबळीला फोन केला. लपवायचा विचार मनात आलाच नाही, लपवायलाही काहीतरी ठरवावं लागतं. "टपाला खड्डा पडलाय," ते म्हणाले.

"कुठं?"

"डायव्हरच्या डोस्क्यावर."

"म्हंजे माझ्या."

"व्हय."

मग बसम्मा हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, मागून शांभवीनं "अव्वा, काय झालं?" विचारलेलं ऐकू आलं. "आन् खांब?"

"उभं हायत."

"मग हू दे," ती म्हणाली. "काय घातलंसा शेवटी?"

"दोन्ही."

ती मे महिन्यात आली, नातवाचा फोटो घेऊन. बसमधून उतरल्या उतरल्या शेडाखाली गेली, खांबाला हात लावून ढकलून बघितलं, टपावरच्या खड्ड्यावरून हात फिरवला. गॅरेजवाल्यानं तो आतून ठोकून काढला, तरी थोडा राहिला. बाजारात पावसात उभी केली की तिथं पाणी साचायचं, आणि गाडी निघाली की पहिल्या ब्रेकला ते समोरच्या काचेवर ओघळायचं. बसम्मा वायपर लावायची आणि पुढं निघायची.

तो पावसाळा गेला, पुढचे वळीव आले. एका वर्षी तानाबाईची कौलं गेली, पेट्रोल पंपावरचा बोर्ड रस्त्यात आडवा झाला. हत्तरकींचं शेड राहिलं. ते कशामुळं राहिलं याबद्दल एकमत नव्हतं. हंबीरराव गिऱ्हाइकांना आणून वरची अँगलची कैची दाखवायचा. शशिधर म्हणायचा, खांब आणि पाया. गणपतरावांचं म्हणणं, पलीकडची चिंच वारं खाते. अण्णासो तिघांनाही चहा द्यायचे आणि तिघांचंही ऐकून घ्यायचे. बसम्मा मात्र हळूहळू बदलली होती. भाजीवाली दारात आली की आतून ओरडायची, "वांगी घेऊ का दोडका?" आणि अण्णासो घाबरून "वांगी" म्हणायचे. दोडका असता तर बरा झाला असता, असं जेवताना दोघांनाही वाटायचं. पण वांगी संपायची.

दोन हजार चारच्या मार्चमध्ये तानाबाईचा नातू सम्राट दुकानात आला. त्यानं वडापच्या धंद्यासाठी, गावोगाव प्रवासी ने-आण करायला, जुनी सुमो घेतली होती आणि गावाबाहेर कॅनॉलच्या पलीकडं जागा घेऊन राहायला गेला होता.

"शेठ, शेड घालायचंय. तुमचं सा वर्सं उभं हाय. सांगा, अँगल का पाइप?"

अण्णासोंनी चष्मा कपाळावर चढवला आणि सगळं सांगितलं. गंज, पीळ, गेजाचं उलटं, वाऱ्याचं ढकलणं आणि उचलणं. अर्धा तास. सम्राटचा चेहरा पडत गेला.

"ते समदं खरं. पर तुमी दोन्ही घातलंय न्हवं? मी बी दोन्हीच घालतो." आणि तो मोकळा होऊन निघून गेला.

अण्णासोंना त्या रात्री झोप आली नाही. आपल्या जागेला एकीकडं घर, एकीकडं तानाबाईची भिंत, पलीकडं चिंच. त्या पोराच्या जागेला काय आहे? आपलं ऐकून तो घालणार, आणि उद्या पत्रा गेला तर? त्यांनी बसम्माला हलवलं. तिनं सांगितलं, "मग जावा, बगून या," आणि कूस बदलली.

सकाळी ते कॅनॉलच्या पुलावरून चालत गेले. सम्राट दात घासत बाहेर आला. जागा चारी बाजूंनी उघडी होती, एका अंगाला ऊस, बाकी नांगरलेलं रान. अडवायला एक झुडूप नाही. अण्णासो इकडून तिकडं चालले, पायानं माती उकरून बघितली. माती मऊ होती.

"हितं पाया माझ्यापरास खोल घे," ते म्हणाले. "माझी जमीन मुरमाड हाय, ही न्हाय."

"आन् खांब?"

"खांबाला जाड लागंल असं वाटतंय. पर हंबीररावाला आणून दाखव. शशिधरला बी इचार."

"दोघांचं येगळं आलं तर?"

"येणारच."

सम्राटनं चूळ भरली. "मग मी काय करायचं?"

अण्णासो काही बोलायच्या आत वाऱ्याची झुळूक आली आणि त्यांच्या डोक्यावरची टोपी उचलून उसाकडं घेऊन गेली. सम्राट हसत टोपीमागं उसात शिरला. अण्णासो बांधावर चढले, तोंड एकदा मावळतीकडं केलं, एकदा उगवतीकडं, आणि वारं नेमकं कुठून आलं ते बघत उभे राहिले.